नाकी एकतीस

ट्रोट्रोच्या उघड्या दारात एका पायावर लोंबकळत
ताविया थांब्यांची नावं ओरडायचा:
बाद्ताबा! तादोसो!
कुमासीत नवा आलेला उतारू गोंधळायचा,
जुने हसायचे. बांतामा रे, तानोसो. चढ.

मराठीत सांगायचं तर
त्याच्या बाराखडीतून प्रत्येक ओळीचं पाचवं अक्षर
कुणीतरी काढून नेलं होतं
आणि त्या जागी तिसरं बसवलं होतं.
न चा द, म चा ब.
आईला 'मामे' म्हणायला जाई
आणि 'बाबे' होई.

डावी नाकपुडी बंद. सकाळी उशीवर पिवळा डाग.
वास असा, की त्याच्या शेजारची सीट रिकामी राहायची.
त्याला स्वतःला मात्र तो येत नव्हता.
आत्यानं आलं-मिरची वाटून थेंब सोडले,
दिवसभर डोळे वाहिले, नाक नाही.
दवाखाना म्हणाला सायनस. गोळ्या.
पुन्हा सायनस, पुन्हा त्याच गोळ्या.
मग म्हणाले हार्मॅटनची धूळ,
जणू धूळ एकट्या तावियासाठी सहारातून निघते.
नाक दाबलं की तोंड उघडतं.
याचं तर रात्रभर उघडं असायचं,
पण तीन वर्षांत
कुणी आत डोकावलं नाही.

देदेई क्वार्टे डोकावली. दातांची डॉक्टर,
हातमोज्याचं बोट फिरवत मोजत गेली,
डावीकडे वर थांबली.
"इथला सुळा कधी पडला?"
"आलाच दाही."

जबड्यातल्या गाठी तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या.
नाकात चढलेली ही पहिली.
स्कॅनवर गालाची पोकळी गच्च भरलेली,
कणसाचे दाणे मुठीत दाबून धरावेत तशी,
आणि त्यांच्या माथ्यावर, डोळ्याच्या खोबणीखाली,
तो हरवलेला सुळा. उलटा. निजलेला.
आईनं एकच शब्द विचारला.
ताविया तो 'कॅद्सर' असा म्हणाला
आणि त्या खोलीत कुणी हसलं नाही.

तुकडा काढला तो पात्याला दाद देईना.
लॅबमधल्या अफ्राकोमानं तो आम्लात ठेवला,
रोज चिमट्यानं उचलायची, सुई टोचून पाहायची:
नाही अजून.
तिकडे गाडीचा मालक दुसरा पोरगा शोधत होता.
आईनं कसाव्हाचं दुकान दुपारीच बंद करायला सुरुवात केली.
नाही अजून.
नवव्या दिवशी सुई आत गेली.

दात, असं निघालं.
दात घडवणारं मांस वाट चुकून
मिळेल तिथं, मिळेल तसे, दात घडवत बसलेलं.
वाईट नाही ते. फक्त थांबणं त्याला माहीत नव्हतं.
जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेल्या पोराला ताविया म्हणतात.
याच्या पाठीवर कोण कोण जन्मत होतं, आतल्या आत.

ओठ उचलून हिरडीवरून एक वाट,
नाकातून दुर्बिणीची दुसरी.
चार तास. गॉजवर मांडून नर्सनं मोजले,
तांदळाएवढे, काही वाटाण्याएवढे,
एकाला तर चक्क मुळं होती.
माणसाच्या नाकी नऊ येतात. याच्या एकतीस.
सुळा धरला तर बत्तीस,
पण तो नर्सनं वेगळ्या डबीत घातला.

आता तो बांतामा म्हणतो.
वरचा ओठ डावीकडे अजून बधिर आहे,
चहा सांडतो, कळत नाही.
ड्रायव्हर मुद्दाम तादोसो ओरडतो, तो शिव्या देतो,
शिव्यांमधले न आणि म नीट ठासून.
पहिल्या दिवशी त्याला स्वतःच्या गाडीचा वास आला,
डिझेल, तळलेली केळी, माणसं,
आणि तो दोन थांबे ओरडायचा विसरला.

अफ्राकोमाकडे ती काच आहे.
आम्लात दाताचं कवच टिकत नाही,
मऊ होतं ते उरतं, सगळ्यात कठीण तेच विरघळतं.
गुलाबी रंगाच्या मधोमध
प्रत्येक दाताच्या टोकाला एक पांढरी रिकामी कोर.
शिकाऊ मुलं विचारतात, मॅडम, इथं काय होतं?
ती भिंगाची चकती थोडी फिरवते.
पुन्हा पाहा म्हणते.